तालुक्याचं रुग्णालय खासगी संस्थेला चालवायला द्यावं का?

विचारलेला प्रश्न थोडक्यात असा: आमच्या तालुक्याचं ग्रामीण रुग्णालय दीर्घ मुदतीच्या करारानं एका खासगी संस्थेला चालवायला द्यायचं घाटतं आहे. तिथे आज डॉक्टर भेटत नाहीत, औषधं बाहेरून आणायला चिठ्ठी देतात, सोनोग्राफीचं मशीन आहे पण चालवायला माणूस नाही. मग सरकारनं दवाखाने चालवण्यापेक्षा प्रत्येकाला पाच लाखांपर्यंतच्या उपचारांचं कार्ड द्यावं आणि लोकांनी हव्या त्या खासगी रुग्णालयात जावं, यात चूक काय?

तुमच्या तक्रारी खऱ्या आहेत हे आधी सांगते. एकतीस वर्षं मी सार्वजनिक आरोग्य विभागात काढली. त्यातली अकरा घाटाखालच्या एका प्राथमिक आरोग्य केंद्रात, बाकीची ग्रामीण आणि उपजिल्हा रुग्णालयांत. रिकामी खुर्ची, बंद पडलेला जनरेटर, संपलेला औषधसाठा हे सगळं मी टेबलाच्या या बाजूनं पाहिलं आहे, आणि बाहेरून औषध आणायच्या कितीतरी चिठ्ठ्यांवर माझीही सही आहे. तरीही तुमचं रुग्णालय देऊन टाकू नका असंच मी म्हणेन.

केंद्रावरची एक रात्र सांगते. जुलै महिना, दोन दिवस संततधार. पहाटे चारच्या सुमाराला मोटारसायकलवर दोघांच्या मध्ये बसवून अकरा वर्षांची एक मुलगी आणली. पोटात दुखतंय, घसा धरलाय, एवढंच बापाला ठाऊक. रात्री जमिनीवर झोपली होती. दंशाची म्हणावी अशी खूण नाही, सूज नाही. पण डोळे उघड म्हटलं की पापण्या अर्ध्यावर येऊन परत मिटत होत्या. मण्यार चावली की असंच होतं. घोणस चावल्यावर सुजतो तसा पाय सुजत नाही, माणूस झोपेतच हळूहळू बंद होत जातो.

सिस्टरांनी सर्पदंशाच्या लसीच्या दहा कुप्या काढल्या. ती पूड असते. पाणी घालून कुपी जोरात हलवायची नाही, फेस होतो. हातात गोल गोल फिरवत विरघळवायची. दहा कुप्यांना वेळ लागतो आणि ती मिनिटं फार लांब वाटतात. सलाईनमधून लस सुरू केली, निओस्टिग्मिन आणि अ‍ॅट्रोपिन दिलं. श्वास उथळ होत चालला तशी नळी घातली आणि हातानं दाबून श्वास द्यायची अंबू बॅग जोडली. तेव्हा १०८ ची गाडी नव्हती. केंद्राच्या जीपमध्ये मागच्या बाकावर तिला आडवं केलं आणि जिल्हा रुग्णालयापर्यंतचे दोन तास मी आणि आमचे वॉर्डबॉय मामा आळीपाळीनं ती बॅग दाबत गेलो. चार दिवस ती व्हेंटिलेटरवर होती. पाचव्या दिवशी मी पाहायला गेले तेव्हा उठून बसली होती आणि आईकडे चहा मागत होती. त्या रात्री तिच्या बापाच्या खिशात ऐंशी रुपये होते. केसपेपर सोडून त्याला कुठेही काही भरावं लागलं नाही.

यात माझा पराक्रम काही नाही. त्या रात्री कपाटात लस होती, सिस्टर ड्यूटीवर होती, जीपमध्ये डिझेल होतं. आता या तीन गोष्टींचा हिशेब धंद्याच्या डोळ्यांनी मांडून बघा. पावसाळ्याचे महिने सोडले तर त्या कुप्यांना फारसा हात लागत नाही, काही मुदत संपून टाकून द्याव्या लागतात. रात्रपाळीची सिस्टर कितीतरी रात्री एखादं बाळंतपण, एखादं तापानं फणफणलेलं पोर, एवढंच बघते. जीप उभी असते. ज्यानं भांडवल घातलं आहे त्याला हा सगळा खर्च वाया गेलेला दिसणार, आणि त्याच्या जागेवरून बघितलं तर त्याचं चुकतंय असंही नाही. त्यानं कर्ज काढलेलं असतं, गुंतवणूकदारांना दर तिमाहीला आकडे दाखवायचे असतात. पैसे वाचवायची वेळ आली की तो पहिली कात्री कुठे लावेल हे सांगायला ज्योतिषी लागत नाही. म्हणून ही तयारी त्याच्याकडे सोपवू नये असं मी म्हणते. माणूस वाईट असतो म्हणून नव्हे, त्याच्यावरचं ओझं वेगळं असतं म्हणून.

आमच्या खात्यात एक शब्द रोजच्या वापरात आहे: ‘लोकसंख्या’. नवा वैद्यकीय अधिकारी रुजू झाला की पहिला प्रश्न असतो, तुमची लोकसंख्या किती? सपाट भागात एका प्राथमिक आरोग्य केंद्राकडे ३०,००० माणसं, डोंगरी आणि आदिवासी भागात २०,०००. उपकेंद्राकडे ५,००० नाहीतर ३,०००. खासगी डॉक्टरला पेशंट असतात, आम्हाला लोकसंख्या असते. जो दवाखान्यात आला तो माझा, आणि जो आला नाही तोही माझाच. क्षयाच्या गोळ्या दोन महिने घेऊन बरं वाटलं म्हणून वीटभट्टीवर निघून गेलेला माणूस धंद्याच्या हिशेबात फक्त एक गिऱ्हाईक, जे पुन्हा आलं नाही. आमच्या रजिस्टरमध्ये त्याच्या नावापुढे लाल खूण होते आणि आशाताई त्याला शोधत भट्टीवर जाते, कारण त्यानं गोळ्या सोडल्या तर त्याच्या झोपडीतली तीन मुलं आणि शेजारची दोन घरं धोक्यात येतात. मुलांच्या लसीकरणाचंही तेच. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात देशातल्या शंभरातल्या नव्वदहून अधिक मुलांना बहुतेक लसी सरकारी व्यवस्थेत मिळाल्याचं दिसलं. टीव्हीवर झळकणाऱ्या मोठमोठ्या रुग्णालयांपैकी कुणी वाडीवर जाऊन शीतपेटी उघडत नाही.

गडचिरोलीत डॉ. अभय आणि राणी बंग यांनी गावातल्याच बायकांना नवजात बाळ तपासायला शिकवलं, तापमान कसं घ्यायचं, श्वास कसे मोजायचे, न्यूमोनिया कसा ओळखायचा. बालमृत्यू कमी झाले आणि २०११ पासून हे काम देशभरातल्या आशांच्या कामाचा भाग झालं. आज दवाखान्यात बाळंतपण झालं तर आशा तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी घरी जाते. त्यातल्या बहुतेक भेटींत बाळ ठणठणीत असतं. ठणठणीत बाळाला सहा वेळा बघून येण्याचं बिल कुठल्या कार्डावर लावणार?

आता कार्डाकडे येते. कार्डाला मी नावं ठेवत नाही. २०१२ मध्ये आठ जिल्ह्यांत जीवनदायी योजना सुरू झाली, २०१७ पासून ती महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना झाली, २०२० मध्ये आयुष्मान भारतशी जोडली गेली. या योजनेतून मी स्वतः बायपासला, कर्करोगाला, डायलिसिसला माणसं पाठवली आहेत आणि ती जगली आहेत. पण हे कार्ड काय विकत घेतं ते नीट समजून घ्या. ते पॅकेज विकत घेतं. ठरलेली शस्त्रक्रिया, ठरलेला उपचार, ठरलेली रक्कम, आणि मुख्यतः दाखल झालेल्या रुग्णासाठी. ओपीडीतला केसपेपर, महिन्याच्या गोळ्या, रक्ताची साधी तपासणी, ड्रेसिंग यांना त्यात जागा नाही. आणि सर्वसाधारण घराचा पैसा सगळ्यात जास्त झिरपतो तो तिथेच.

उपजिल्हा रुग्णालयात माझ्याकडे मार्केट यार्डात हमाली करणारे एक काका यायचे. मधुमेह. मेटफॉर्मिनची गोळी, सकाळ-संध्याकाळ. एका वर्षी आमचा साठा संपला आणि पुढचे चार-पाच महिने आलाच नाही. काका बाहेरून अर्धी पट्टी घ्यायचे, मग पाव, मग बरं वाटतंय म्हणून बंद. पायाला खिळा लागला तो त्यांना कळलाच नाही, कारण पायाची संवेदना आधीच गेली होती. हळद भरली, कुणा भोंदूकडे पट्टी बांधली. माझ्यासमोर पुन्हा आले तेव्हा करंगळीपासून काळं घोट्यापर्यंत चढलं होतं. योजनेतल्या खासगी रुग्णालयात गुडघ्याखाली पाय काढला. तिथल्या आरोग्यमित्रानं, म्हणजे योजनेच्या मदतनिसानं, सगळी कागदपत्रं नीट केली, मंजुरी एका दिवसात आली, एक रुपया लागला नाही. पॅकेज पूर्ण झालं. घरी आल्यावर बायको म्हणाली, ‘मॅडम, सरकारनं सगळा खर्च केला, पण आता पोतं कोण उचलणार?’

त्या गोळ्या आमच्याकडे नव्हत्या, ती चूक आमच्या व्यवस्थेची होती आणि ती मी विसरलेले नाही. पण उपाय काय हे त्याच गोष्टीत दिसतं. कार्डानं पाय कापायला पैसे दिले, पाय वाचवायला दिले नाहीत. देऊही शकत नव्हतं, कारण तो त्याचा धंदाच नाही. पाय वाचला असता तो दर महिन्याला मिळणाऱ्या गोळीनं आणि पायाचा तळवा बघणाऱ्या सिस्टरनं. कार्डासाठी दिलेला प्रत्येक रुपया त्या गोळीच्या बजेटमधून निघत असेल तर आपण पाय कापण्याचे कारखाने उभे करतोय. कार्ड हवं, पण ते तुमच्या ग्रामीण रुग्णालयाच्या डोक्यावर उभं असायला हवं. त्याच्या जागेवर नको.

तुम्ही म्हणाल, बाजारात स्पर्धा असली की भाव उतरतो आणि दर्जा वाढतो. भाजीत, मोबाइलमध्ये, एसटीला पर्याय असलेल्या गाड्यांत हे होतही असेल. पण छातीत कळ आलेल्या माणसाला घेऊन घरचे चार रुग्णालयांचे दर विचारत फिरत नाहीत. काय हवं आहे हे घेणाऱ्याला ठाऊक नसतं, ते विकणारा ठरवतो. केनेथ अ‍ॅरो या अमेरिकन अर्थशास्त्रज्ञानं १९६३ मध्येच हे मांडलं होतं, आणि तो काही सरकारी डॉक्टर नव्हता. आपल्याकडे त्याला लागून आणखी एक रोग आहे, ‘कट’. महाडचे डॉ. हिंमतराव बावस्कर यांना एकदा एका तपासणी केंद्राकडून रुग्ण पाठवल्याबद्दल १,२०० रुपयांचा चेक आला. त्यांनी तो न वटवता महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलकडे तक्रार केली. ज्या पेशंटच्या बिलात ते १,२०० रुपये धरलेले असतात त्याला ते कधीच कळत नाहीत. आणि हेही सांगून ठेवते की याच बावस्करांनी तरुणपणी महाडजवळच्या बिरवाडीच्या सरकारी केंद्रात नोकरी करताना विंचूदंशाच्या रुग्णांच्या उशाशी बसून नोंदी ठेवल्या होत्या. प्राझोसिन या रक्तदाबाच्या स्वस्त गोळीनं विंचूदंशाचे मृत्यू टाळता येतात हे त्यांच्या कामातून जगाला कळलं. ज्या रोगाचं गिऱ्हाईक कोकणातला अनवाणी शेतकरी आहे, त्याच्यावर संशोधन करायला कुठली कंपनी पैसे लावणार होती?

नफा उपचारात शिरला की काय होतं याचं मला सगळ्यात जास्त टोचणारं उदाहरण बीडचं आहे. ऊसतोडीला जाणाऱ्या बायकांच्या गर्भाशयाच्या शस्त्रक्रियांचा प्रश्न २०१९ मध्ये गाजला आणि सरकारनं नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. पाहणी झालेल्या ८२,३०९ स्त्रियांपैकी १३,८६१ जणींची गर्भाशयं काढलेली आढळली. यातल्या बहुतेक शस्त्रक्रिया खासगीत झालेल्या होत्या. पांढरं जातंय, कंबर दुखते म्हणून गेलेल्या तिशी-पस्तिशीच्या बाईला ‘कॅन्सर होईल’ म्हणून घाबरवायचं. मुकादमाचा खाडा, म्हणजे कामावर न गेल्याचा दंड, वाचवायचा म्हणून तीही तयार होते. अशी एक जण माझ्या ओपीडीत आली होती. तिच्या दुखण्याला आधी पंधरा दिवसांच्या गोळ्या पुरल्या असत्या. सिझेरियनचे आकडेही तेच बोलतात. २०१९-२१ च्याच राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात देशभर खासगीत ४७.४ टक्के बाळंतपणं सिझेरियननं झाली होती, सरकारीत १४.३ टक्के. काही बायका स्वतः मागतात, हे खरं. पण अडलेली, रक्त कमी असलेली, झटके आलेली बाई शेवटी आमच्याकडेच रेफर होते, तरीही हा फरक आहे.

तालुक्यातल्या सगळ्या खासगी डॉक्टरांना मी एका मापानं मोजत नाही. आमच्या रात्रीच्या अडचणीला स्कूटर काढून भूल द्यायला येणारे खासगी डॉक्टर होते, गरिबाची फी परत करणारे होते. माझं भांडण नफ्यावर चालणाऱ्या व्यवस्थेशी आहे. तिच्यात आता असे चांगले डॉक्टरही पिळले जात आहेत, ओपीडीतले किती रुग्ण ‘दाखल’ केले याचा महिन्याला जाब द्यावा लागतो म्हणून मन मारून काम करत आहेत.

आता तुमच्या करारावर. सरकारी रुग्णालय खासगी सहभागानं चालवायचं म्हणजे प्रत्यक्षात काय होतं ते नीती आयोगानं २०२० मध्ये पुढे आणलेल्या मसुद्यात स्वच्छ दिसतं. जिल्हा रुग्णालयं खासगी वैद्यकीय महाविद्यालयांना जोडून द्यायची आणि खाटांचे दोन प्रकार करायचे, ‘रेग्युलेटेड बेड’, म्हणजे सरकारी नियमातल्या, आणि ‘मार्केट बेड’, म्हणजे बाजारभावाच्या. एकाच छपराखाली, एकाच सरकारी जमिनीवर. मी रुग्णालय चालवलं आहे, म्हणून सांगते, ज्या खाटेवर पैसे मिळतात त्या खाटेजवळची बेल आधी ऐकू येते. त्यासाठी कुणाला लेखी हुकूम द्यावा लागत नाही. सवलतीच्या खाटांचा अनुभव आपल्याला आहेच. धर्मादाय रुग्णालयांनी १० टक्के खाटा निर्धनांना मोफत आणि १० टक्के दुर्बलांना सवलतीत द्यायच्या, ही योजना मुंबई उच्च न्यायालयाच्या आदेशानं २००६ पासून लागू आहे. कायदा आहे, निधी आहे, धर्मादाय आयुक्त आहेत. आणि तरी एखाद्या गरीब नातेवाइकासाठी ती खाट मिळवायला तुम्हाला कुणाच्या तरी फोनची गरज पडली नसेल तर तुम्ही भाग्यवान. माझ्याकडे रेफर होऊन परत आलेल्या कितीतरी जणांना ‘कोटा भरला’ एवढंच उत्तर मिळालं होतं.

करोनाच्या पहिल्या लाटेत हेच मोठ्या अक्षरांत दिसलं. मे २०२० मध्ये राज्य सरकारला अधिसूचना काढून खासगीतल्या ८० टक्के खाटा ताब्यात घ्याव्या लागल्या आणि दर बांधून द्यावे लागले: साध्या वॉर्डाला दिवसाला ४,००० रुपये, आयसीयूला ७,५००, व्हेंटिलेटरला ९,०००. त्या वेळी ज्यांच्याकडे हुकमाची वाट न बघता पेशंट घेतले जात होते ती रुग्णालयं सरकारी आणि महापालिकेची होती. मुंबईच्या केईएमसारख्या, १९२६ पासून उभ्या असलेल्या संस्था.

मग सरकारी व्यवस्था चांगली आहे का? नाही. ९ जानेवारी २०२१ च्या पहाटे भंडाऱ्याच्या जिल्हा रुग्णालयातल्या नवजात कक्षाला आग लागून दहा बाळं गेली. २०२३ च्या ऑक्टोबरात नांदेडच्या शासकीय रुग्णालयात २४ तासांत २४ मृत्यू झाले, त्यांत १२ नवजात बाळं होती. ज्यानं सरकारी आरोग्यसेवेची बाजू मांडायची त्यानं हे आकडे स्वतःच्या तोंडानं सांगायला हवेत. मी ते वाचले तेव्हा मला झोप लागली नव्हती, कारण अशा कक्षात एका पाळण्यात दोन बाळं ठेवण्याचा निर्णय मीही घेतला आहे. दुसरा निर्णय म्हणजे दुसऱ्या बाळाला दारातून परत पाठवणं होता.

पण ही अवस्था कुठून आली ते बघा. २०१७ च्या राष्ट्रीय आरोग्य धोरणानं सांगितलं होतं की २०२५ पर्यंत सरकारी आरोग्यखर्च जीडीपीच्या अडीच टक्क्यांवर न्यायचा. २०२१-२२ मध्ये, म्हणजे करोनाच्या वर्षात, तो होता १.८४ टक्के. औषधांचं म्हणाल तर महाराष्ट्रानं २०१७ मध्ये खरेदी सरकारच्याच हाफकिन महामंडळाकडे एकवटली, मागण्या महिनोन्‌महिने अडकून पडल्या, आणि शेवटी २०२३ मध्ये वेगळं खरेदी प्राधिकरण करावं लागलं. तिकडे तामिळनाडूनं हा प्रश्न १९९४ मध्ये महामंडळ काढून सोडवायला घेतला होता. तिथे प्रत्येक दवाखान्याला पासबुक आहे. वर्षाची रक्कम त्यात लिहिलेली, आणि जिल्ह्याच्या गोदामातून डॉक्टर आपल्या गरजेप्रमाणे औषध उचलतो. प्रत्येक खेपेतले नमुने प्रयोगशाळेत तपासूनच माल पुढे जातो. तेही सरकारच आहे. म्हणजे सरकारी आहे म्हणून औषध नाही, हे खरं नाही. जिथे नीट पैसा आणि नीट पद्धत लावली तिथे औषध आहे. एखाद्याला वर्षानुवर्षं अर्धपोटी ठेवायचं आणि मग हा अशक्त आहे म्हणून घराबाहेर काढायचं, असं आपण आपल्या दवाखान्यांशी करतो आहोत.

यातून वर आलेले देश आहेत. थायलंडनं १९८० च्या दशकात तालुक्या-तालुक्यांत सरकारी रुग्णालयं बांधली, नव्या डॉक्टरांना खेड्यात सेवा त्याआधीपासूनच बंधनकारक होती, आणि मग २००२ मध्ये करातून पैसा घालून सगळ्यांसाठी योजना आणली. क्रम लक्षात घ्या: आधी रुग्णालय, मग कार्ड. आपल्याकडेही १९४६ च्या भोर समितीनं हाच रस्ता आखला होता, की पैसे नाहीत म्हणून कुणी उपचाराविना राहू नये आणि त्यासाठी गावापासून जिल्ह्यापर्यंत सरकारी साखळी उभारावी. साखळीतल्या कड्या आपण बांधल्या, पण त्यांत माणसं पुरेशी भरली नाहीत. उलटी वाट पाहायची असेल तर अमेरिका आहे. जीडीपीच्या सुमारे १७ टक्के आरोग्यावर खर्च करूनही तिथे कोट्यवधी माणसं विम्याबाहेर आहेत.

एक मुद्दा मध्यमवर्गीय वाचकांसाठी, कारण प्रश्नात ‘गरिबांसाठी सरकारी असू दे’ असा सूर येतोच. फक्त गरिबांसाठी ठेवलेला दवाखाना फार लवकर गरीब होतो. उपजिल्हा रुग्णालयात आमचा जनरेटर सात महिने बंद होता. पत्रं, स्मरणपत्रं, सगळं झालं. मग एका वजनदार पुढाऱ्याची आई जिना उतरताना पडली, रस्ते पुरानं बंद म्हणून आमच्याकडेच दाखल झाली, आणि तिसऱ्या दिवशी जनरेटर सुरू झाला. शिक्षक, तलाठी, दुकानदार, तहसीलदार या सगळ्यांची आई त्याच वॉर्डात झोपेल तेव्हा तो वॉर्ड स्वच्छ राहील. म्हणूनच १५ ऑगस्ट २०२३ पासून आरोग्य विभागाच्या दवाखान्यांत सगळ्यांना सगळं मोफत केलं, त्याचं मला मनापासून बरं वाटलं. रक्कम मोठी नव्हती. पण केसपेपरच्या खिडकीवर पदराची गाठ सोडून नाणी मोजणारी म्हातारी मी वर्षानुवर्षं पाहिली आहे. ती पहिल्यांदा यायची, फेरतपासणीला यायची नाही. आणि रेशनकार्डाचा रंग बघून कोण फुकट, कोण पैसे देणारा, हे ठरवणं थांबलं, ते फार चांगलं झालं.

आता तुम्ही काय करायचं ते सांगते. आधी माहितीच्या अधिकारात तीन गोष्टी मागा: तुमच्या रुग्णालयात मंजूर पदं किती आणि भरलेली किती, गेल्या तीन वर्षांत औषधांसाठी किती रक्कम आली आणि किती खर्च झाली, आणि सोनोग्राफीच्या मशीनसाठी रेडिओलॉजिस्टची मागणी कधी पाठवली. बहुतेक वेळा या तीन उत्तरांतच तुमच्या पहिल्या तक्रारींचं कारण सापडतं. रुग्णालयाच्या कारभारावर लक्ष ठेवणाऱ्या रुग्ण कल्याण समितीत कोण आहे ते बघा. तिची बैठक झाल्याचं कागदावर असतं, सदस्यांना पत्ता नसतो. २००७ पासून महाराष्ट्रात अमरावती, नंदुरबार, उस्मानाबाद, पुणे आणि ठाणे या जिल्ह्यांत लोकाधारित देखरेखीचं, म्हणजे गावकऱ्यांनीच सरकारी दवाखान्यांवर लक्ष ठेवण्याचं, काम सुरू झालं. पुढे ते आणखी जिल्ह्यांत गेलं. त्यातल्या जनसुनवाईत मी खुर्चीवर बसून गावकऱ्यांची बोलणी खाल्ली आहेत. त्या दिवशी राग आला होता. पण आमच्या केंद्रातली रिक्त असलेली आरोग्यसेविकेची जागा त्या सुनवाईनंतर दीड महिन्यात भरली, जी माझ्या आठ पत्रांनी भरली नव्हती.

आणि करार होणारच असेल तर त्याची प्रत मराठीत मागा, सही होण्याआधी. त्यात बघा: मोफत खाटा किती आणि त्या भरल्या आहेत की नाहीत हे रोज बाहेरच्या फलकावर लिहायचं बंधन आहे का, रेफर केलेल्या रुग्णाची जबाबदारी कुणाची, गाडी कुणाची, संस्थेनं मधेच सोडून दिलं तर यंत्रं आणि इमारत कुणाच्या ताब्यात, आताच्या सिस्टर, वॉर्डबॉय, सफाई मावशींचं काय, आणि सर्पदंशाच्या लसीच्या किती कुप्या कायम ठेवायच्या, रात्री कोण डॉक्टर थांबणार, ते आकड्यात लिहिलं आहे की ‘आवश्यकतेनुसार’ एवढ्याच शब्दावर सोडलं आहे. प्रत हाती आली की मला पाठवा. वाचून कुठल्या कलमावर हरकत घ्यायची ते मी पेन्सिलीनं खूण करून देते.